दोघंही नोकरीला: घरकाम कशावर वाटायचं? कामांवर, तासांवर की घड्याळावर?

तुरटी (धागाकर्ती)

घरकामाच्या वाटणीची चर्चा बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. कामांची यादी होते, मधोमध रेघ मारली जाते, दोन्हीकडे आठ-आठ कामं येतात आणि तिसऱ्या आठवड्यात तो कागद फ्रिजवरून गळून पडतो. मग दोष माणसांना दिला जातो. मला वाटतं, आधी यादीच तपासावी.

एका बाजूला असतं: लाइटबिल, गॅसचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचं सर्व्हिसिंग, बँक, विमा, पंखे पुसणं, गावाची तिकिटं. दुसऱ्या बाजूला: डबे, रात्रीचं जेवण, पिण्याचं पाणी भरणं, दूध तापवणं, मुलाला बसपर्यंत सोडणं, ओला-सुका कचरा, कपडे, भांडी लावणं. आठाला आठ, हिशेब चोख! पण पहिल्या आठातलं एकही काम सकाळी सव्वासातलाच करावं लागत नाही. लाइटबिल महिन्याने येतं, गॅसचं दोन महिन्यांनी, आणि दोन्ही लोकलमध्ये दांडीला लटकून एका हाताने भरता येतात. दुसऱ्या आठातली जवळजवळ सगळी रोजची, आणि चार तर घड्याळाला बांधलेली. पाणी त्याच्या वेळेला येतं, सफाईवाला दार वाजवतो तेव्हाच कचरा द्यावा लागतो, बस थांबत नाही, डबा भरल्याशिवाय निघता येत नाही.

म्हणून मी तीन ढीग करते. घड्याळाची कामं. आठवड्यात कधीही चालणारी कामं. आणि तिसरा, कोणाला तरी दिसेपर्यंत अस्तित्वातच नसलेली कामं: चिमणीची तेलकट जाळी, फ्रिजच्या दाराचं रबर, एसीचा फिल्टर, तळ गाठलेली मिठाची बरणी.

प्रश्न असा, की हे तीन ढीग एकमेकांशी तोलायचे कसे?

एक विनंती. "आमचे हे" आणि "आमच्या सासूबाई" या धाग्यावर नकोत. पद्धत, मापं, वेळा, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा. नाहीतर चारशे प्रतिसाद होतात आणि हाताला काही लागत नाही.

आठबारा_फास्ट

सासूबाई नाहीत म्हणजे धागा पन्नासलाच आटपणार. असो.

पहिल्या ढिगाबद्दल लिहितो. घड्याळाची कामं उलटीकडून मोजावी लागतात. उदाहरणाला डोंबिवली घ्या, मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनपासून ४८ किलोमीटर. ८:१२ ची लोकल पकडायची तर ७:५५ ला दाराला कुलूप. डबे ७:४५ ला बंद व्हायला हवेत. भाजी त्याच्या दहा मिनिटं आधी गॅसवरून खाली, कारण वाफाळत्या भाजीवर झाकण दाबलं की आत पाणी सुटतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत जेवायच्या सुट्टीपर्यंत ती आंबूस लागते. म्हणजे ७:३५.

दोन डब्यांना आणि मुलाला मिळून दहा-बारा पोळ्या. एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक, म्हणजे साधारण ३५० ग्रॅम पीठ. एकट्याने लाटून भाजायला २५ मिनिटं. कणीक भिजवायला १०, मुरायला २०. भाजी निवडून चिरायला १५ ते २०, शिजायला तेवढीच. सगळं सकाळी करायचं तर सहा-सव्वासहाला ओट्यापाशी उभं राहावं लागतं. कणीक आणि चिरणं रात्री उरकलं तर सहा पन्नासला उठून चालतं.

मुद्दा या चाळीस मिनिटांचा आहे. सकाळची चाळीस मिनिटं रात्रीत सरकवता येतात, आणि रात्रीची चाळीस मिनिटं दुसऱ्या माणसाला देता येतात. "मला पोळ्या येत नाहीत" म्हणणाऱ्याला गवार मोडता येतेच.

ओटा_छोटा

एकाने लाटायचं, दुसऱ्याने भाजायचं, हे सल्ले देणाऱ्यांची स्वयंपाकघरं मुंबईत नसतात. सहा बाय आठच्या किचनमध्ये दोघं उभे राहिले तर फ्रिज उघडत नाही. आमची वाटणी बिल्डरनेच करून दिली आहे.

कुकरची_शिट्टी

आठबारा, अनुमोदन. रात्री काय चिरून ठेवता येतं आणि काय नाही ते लिहिते, कारण इथेच पहिल्या आठवड्यात भांडण होतं.

फरसबी, गवार, कोबी, फ्लॉवर, गाजर, दुधी: खुशाल चिरा. घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली एक कोरडा कागद किंवा पातळ फडकं. भेंडी रात्री धुऊन, पुसून, अर्धा तास पसरून मग चिरायची. ओली चिरली की तार सुटते आणि सकाळी तो डबा बघून चिरणाऱ्याचा उद्धार होतो. वांगं आणि बटाटा काळे पडतात, ते पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. बटाट्याचं चालतं, वांग्याची चव जाते. पालेभाजी फक्त निवडायची, धुणं-चिरणं सकाळी. कांदा चिरून ठेवू नका, दुधालाही वास लागतो.

कणीक रात्री भिजवली तर वरून तेलाचा हात फिरवून, हवा न राहील अशा लहान डब्यात दाबून फ्रिजमध्ये. हवा लागली की ती काळपट होते. वाईट नसते, पण दिसायला नको वाटते. सकाळी वापरायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढायची. हे "वीस मिनिटं आधी" ज्याला पहिली जाग येते त्याचं काम, पोळ्या कोणाच्याही असोत.

रात्रीच्या वरणाची डाळ सकाळी भिजवून ओट्यावर ठेवून जाऊ नये. बारा तासांत फसफसते. एकतर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर आल्यावर अर्धा तास भिजवली तरी तूरडाळीला पुरते. ज्याची गाडी आधी, त्याने आल्या आल्या चपला काढून आधी डाळ भिजवायची, मग चहा. हा क्रम उलटला की जेवण पाऊण तास पुढे.

गॅलरीतली_तुळस

दुसऱ्या ढिगातलं एकच काम घेते, कपडे. यादीत ते एका शब्दात असतं म्हणून फसगत होते.

खिसे तपासणं (रुमाल, पास, सुटे पैसे, आणि तो एक टिश्यू, ज्याचे कण सगळ्या काळ्या कपड्यांना चिकटतात). पांढरे, गडद आणि रंग जाणारे वेगळे करणं. कॉलर आणि पायमोजे घासणं. मशीन भरणं, वर एक वीत मोकळी ठेवून, कारण दाबून भरले की साबण घड्यांतच राहतो. साबण मापाने घालणं. टाकीच्या पाण्यात पावडर जास्त झाली की गडद कपड्यांवर पांढरे ओघळ येतात. बटण दाबणं. चक्र संपल्यावर अर्ध्या तासात बाहेर काढणं. झटकून वाळत घालणं. वळीव आला तर धावणं. काढणं, घड्या, इस्त्रीवाल्याचे वेगळे काढून मोजून देणं, मोजून घेणं. जोड्या लावून कपाटात ठेवणं. आणि पावडर संपत आली आहे हे संपायच्या आधी कळणं.

"मशीन मी लावतो" यातलं बटण दाबणं, झालं तर भरणंही आपलं, बाकीचं सगळं जोडीदाराचं. म्हणून नियम एकच: काम घ्यायचं ते मुळापासून शेंड्यापर्यंत. कपडे ज्याचे, त्याची पावडर, त्याच्या चिमट्या, त्याचा इस्त्रीवाला आणि हरवलेला मोजाही त्याचाच.

निळा_साबण

तुळसताई, यात पावसाळा जोडा. जून ते सप्टेंबर कपडे हा दुसरा ढीग राहत नाही, पहिल्या ढिगात जातो.

कुबट वास येतो तो कपडा सावकाश वाळतो म्हणून. उपाय म्हणून साबण वाढवला जातो आणि वास आणखी वाढतो, कारण न निघालेला साबण ओल धरून ठेवतो. करायचं ते असं: धुणं रोज थोडं, आठवड्याचं एकदम नाही. शेवटचं पिळणं जास्तीत जास्त फेऱ्यांवर, फ्रंट लोडला १००० ते १२००, टॉवेल आणि जीन्सना एकदा जादा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. छताच्या दोऱ्यांवर जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून. खाली पंखा, खिडकी किंचित उघडी. सगळं बंद केलं तर ओल भिंतीत जाते आणि कपाटामागे बुरशी येते. फ्रंट लोडच्या दारातलं रबर दर वेळी पुसून दार उघडं ठेवायचं. महिन्यातून एकदा मशीन रिकामं, ६० अंशांवर.

एवढं सगळं एकाकडे असेल तर पावसाळ्यात त्याच्याकडून दुसरं काहीतरी काढून घ्या. वर्षभर एकच वाटणी चालत नाही.

फक्त_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

ओटा_छोटा

कढई घासून ठेवा.

विरोधी_पक्ष

"मुळापासून शेंड्यापर्यंत" ऐकायला छान आहे. पण त्यातून घरात दोन खाती तयार होतात आणि खात्याबाहेरचं कोणालाच काही येत नाही. कपडेवाला आठवडाभर टूरवर गेला की पावडर कुठे असते इथपासून सुरुवात. पोळीवाली तापाने पडली की पाव. त्यापेक्षा दर आठवड्याला अदलाबदल करा, दोघांना सगळं येईल.

गॅलरीतली_तुळस

दर आठवड्याला अदलाबदल केली की तिसरा ढीग मरतो. फ्रिजमधली मागची वाटी "पुढच्या आठवड्यात तिचा नंबर आहे" म्हणून तशीच राहते आणि पुढच्या आठवड्यात "त्याच्या वेळची आहे" म्हणून. हात बसायलाही वेळ लागतो. नवशिक्याची पोळी रोज केली तर महिना-दीड महिन्यात बरी होते. आठवडा करून आठवडा सोडला तर दर सोमवारी पुन्हा नकाशे.

तीन महिन्यांनी बदला. आणि प्रत्येक कामाचं एक पान लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: किती चमचे, कोणतं बटण, कोणाचा नंबर, काय करायचं नाही. तुमचा टूरवाला मुद्दा त्या पानाने सुटतो.

विरोधी_पक्ष

पान मान्य. तीन महिनेही मान्य. (एका धाग्यात दोनदा सहमत झालो, प्रकृती तपासून घेतो.)

निळा_साबण

अजून एक गोष्ट आधी ठरवायला हवी, ती म्हणजे काम "झालं" कधी म्हणायचं. लादी पुसणं घ्या. एकाच्या मते ओलं फडकं फिरलं म्हणजे झालं. दुसऱ्याच्या मते आधी केर पलंगाखालून निघायला हवा, अर्धी बादली पाणी दोन खोल्यांनंतर बदलायला हवं, आणि फडकं शेवटी धुऊन उन्हात पडायला हवं. न बदललेल्या पाण्याने तिसरी खोली पुसली की लादी वाळल्यावर चिकट लागते, मग दुसरा माणूस न बोलता परत पुसतो. ते न बोलता पुसणं फार महागात पडतं. म्हणून पातळी आधी ठरवा, ती दोघांच्या मधली असू द्या, आणि ठरल्यावर दुसऱ्याच्या मागे फडकं घेऊन फिरायचं नाही.

बाथरूमबद्दल मात्र मधलं काही नाही, तिथे नियमच. संडासाच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, क्लोरीन वायू सुटतो आणि मुंबईची बाथरूमं चार बाय सहाची, खिडकी वीतभर. ॲसिडची बाटली ओट्यावरही न्यायची नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड. ॲसिडने, अगदी लिंबानेही, त्यावर पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. नव्याने काम घेणारा माणूस उत्साहात नेमकं हेच करतो आणि मग "राहू दे, मीच करते" सुरू होतं.

आठबारा_फास्ट

त्यातले काही डाग मुद्दाम पाडलेले असतात असा संशय आहे. दिवे घ्या, म्हणजे गमतीने घ्या.

मटार_सोला

धागाकर्तीने तीन ढीग सांगितले, पण कामाच्या जागा मोजल्या नाहीत. संध्याकाळच्या लेडीज डब्यात बघा. मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, लसूण सोलून पिशवीत जातो. शेजारच्या जेन्ट्स डब्यात भजन चालतं किंवा पत्ते. तेवढ्याच अंतराचा प्रवास, तेच भाडं. घरी पोचल्यावर मटार सोललेलेच असतात, त्यामुळे ती वीस मिनिटं कोणाच्या वहीत चढत नाहीत.

आकडेवारी हवी असेल तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. हे वाचून "म्हणजे पुरुष दीड तास तरी करतात" असं म्हणायची घाई करू नका. ती सरासरी फक्त करणाऱ्यांची आहे. त्या दिवशी असं काही काम केलेले पुरुष होते सुमारे २६ टक्के, बायका सुमारे ८१ टक्के.

विरोधी_पक्ष

गर्दीच्या वेळी जेन्ट्स डब्यात मटार सोलायला दोन्ही हात लागतात. एक दांडीला, दुसरा फोनला.

मटार_सोला

विरोधी_पक्ष, मग त्या फोनवर किराणा मागवा. चला, एक काम मिटलं.

डाव्या_हाताने

अवांतर: आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एक दिवस बंद ठेवलं होतं. बाप मुलांना घेऊन ऑफिसात गेले.

ओटा_छोटा

मुंबईत त्यासाठी देशव्यापी संप लागत नाही. मावशींचा एक खाडा पुरतो.

कुकरची_शिट्टी

हो, आणि मावशींचा विषय निघालाच आहे तर: "आमच्याकडे बाई आहे, त्यामुळे प्रश्नच नाही" हे अर्धसत्य आहे. भांडी आणि केर-लादी दिली तरी मागे उरतं ते मोजा. किल्ली शेजारी ठेवणं. भांडी खरकटं काढून, भिजवून ठेवणं, नाहीतर कुकरच्या तळाचा भात सकाळपर्यंत सिमेंट होतो. खाड्यांची नोंद. पगार ठरल्या तारखेला, दिवाळीला एक पगार बोनस. गावी गेल्या तर बदली बघणं. चहा. आणि सकाळी सहा चाळीसला येणारा "आज येत नाही" हा फोन.

तो फोन कोणाच्या मोबाइलवर येतो? ज्याच्यावर येतो, त्याच्याकडे खाड्याच्या दिवशीची भांडीही आपोआप जातात. म्हणून मावशींना दोन नंबर द्या, आणि खाड्याची भांडी आळीपाळीने आधीच ठरवा. महिन्यात ठरलेल्या सुट्ट्या धरूनच वेळापत्रक करा. त्यांनाही रविवार असतो, हे आपण घरकामाच्या न्यायाबद्दल बोलताना विसरतो.

मटार_सोला

नेमकं. पुष्कळ घरांत नवऱ्याचा वाटा मावशी करतात आणि बायकोचा बायको.

गिरणगावकर

मावशींवरून आठवलं. घरकामाला मोल नसतं म्हणतात, पण याच शहरात त्याला मोल होतं. गिरण्यांच्या काळात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार लालबाग-परळला खाणावळीत जेवायचे, आणि ती खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईची दहा बाय दहाची खोली. तीच भाकरी, तीच आमटी, पण महिन्याचा हिशेब वहीत. त्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते त्यांना बँकेचं कर्ज मिळावं यासाठी. बाहेरच्या दहा माणसांची भाकरी म्हणजे धंदा, घरातल्या चौघांची म्हणजे कर्तव्य. कष्ट तेच.

आजही पोळी-भाजी केंद्रात एका पोळीचा दर विचारा, त्याला बारा आणि पंचवीस दिवसांनी गुणा. तोलायला वजन हवं होतं ना धागाकर्तीला, हे एक घ्या.

त्रैराशिक

पैशाने तोलू नका. पगार जास्त त्याचं काम कमी, असा त्याचा अर्थ लगेच लावला जातो. उरलेले तास मोजा.

समजा, अ सकाळी ७:४५ ला निघून रात्री ८:१५ ला परततो. साडेबारा तास, पाच दिवसांचे ६२.५. ब ९:३० ला निघून ६:३० ला परतते. नऊ तास, पाच दिवसांचे ४५. घरकाम दोन आठवडे लिहून काढलं आणि आठवड्याला ३० तास भरलं. दोघांना मोकळा वेळ सारखा हवा असेल तर अ-ने ६.२५ तास करायचे आणि ब-ने २३.७५. प्रत्येकाची बेरीज ६८.७५ येते. गणित सुटलं.

तुरटी

गणित सुटलं, पण उदाहरण कोणी मांडलं ते बघा. ब-ची नोकरी जवळ का आहे? बहुतेक घरांत मूल झाल्यावर एकाने लांबची, बढतीची नोकरी ठेवलेली असते आणि दुसरीने स्टेशनजवळची, कमी पगाराची घेतलेली असते, घर चालावं म्हणूनच. मग त्याच नोकरीने वाचलेले तास घरकामाला जुंपायचे, म्हणजे एकाच गोष्टीची किंमत दोनदा. शिवाय अ-च्या प्रवासातले दोन-अडीच तास बसायला जागा मिळाली तर झोपेचे असतात. ब-चे २३.७५ सगळे उभ्याचे.

त्रैराशिक

जुंपण्याचा मुद्दा योग्य. मग दुरुस्ती करू. सोमवार ते शुक्रवार तास मोजा, शनिवार-रविवार मोजू नका. त्या दोन दिवसांत घड्याळाची सगळी कामं अ-कडे: दोन्ही दिवसांचा नाश्ता, जेवण, पाणी, कचरा. हिशेब सारखा होत नाही, पण ब-ला आठवड्यातून दोनदा सकाळी घड्याळ बघावं लागत नाही. आणि बसून झोपायला जागा मिळते हे विधान ८:१२ च्या कोणालाही मान्य होणार नाही.

आठबारा_फास्ट

होणार नाही.

डाव्या_हाताने

घरून काम करणाऱ्यांचं काय? तो किंवा ती घरात "आहेच" म्हणून कुरिअर, प्लंबर, गॅसचा माणूस, इस्त्रीवाला, शेजाऱ्यांचं पार्सल सगळं त्याच्या अंगावर. एकेक काम दोन मिनिटांचं, पण दर वेळी मीटिंगमधून उठावं लागतं. उपाय साधे आहेत: सगळ्या डिलिव्हरी संध्याकाळी सातनंतरच्या निवडा, जमतील ती पार्सलं वॉचमनकडे, दुरुस्तीवाले फक्त शनिवारी. तरी दाराची बेल पहिल्या ढिगात धरा. ती घड्याळापेक्षा वाईट, वेळही सांगत नाही.

गॅलरीतली_तुळस

मुलांचं कोणी बोललं नाही अजून. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर बापाचा लिहा. शाळा पहिल्या नंबरावरच फोन करते, मग तो ताप असो वा विसरलेला डबा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघंही हवेत, पण वाचायची जबाबदारी एकाची, आणि ती दर सत्राला बदलायची. नाहीतर उद्या चार्टपेपर हवा हे रात्री दहाला कळतं आणि स्टेशनरीवाल्याचं शटर अर्ध्यावर असतं.

बापांना जमत नाही यात आळसाखेरीज दुसरंही कारण आहे. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे रजा. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, आणि खासगीत कायद्याने काहीच नाही. आंघोळ घालणं, ढेकर काढणं, ताप मोजणं हे सगळं तिला त्या २६ आठवड्यांत येतं, त्याला येत नाही, आणि पुढे "तुला येतं ना" म्हणून पंधरा वर्षं तिच्याकडेच राहतं. म्हणून तिची रजा संपायच्या आधी त्याने दोन-तीन आठवडे तरी रात्रीची पाळी आणि सकाळची आंघोळ पूर्ण घ्यावी, ती शेजारच्या खोलीत असताना. सूचना न देता.

फक्त_वाचक

शेवटचे तीन शब्द सगळ्यात अवघड आहेत.

शेवटचं_पाकीट

तिसऱ्या ढिगावर कोणी थेट उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो. लक्षात ठेवणं वाटता येत नाही, पण ते डोक्यातून काढून वस्तूवर बांधता येतं.

किराण्याचा नियम: शेवटचं पाकीट जो फोडेल तो यादीत लिहील. संपल्यावर लिहायचं नाही, फोडल्यावर. यासाठी मीठ, चहा, साखर, तेल, साबण, पावडर यांचं एक पाकीट कायम शिलकीत लागतं. पिठाला हा नियम लावू नका. पावसाळ्यात गिरणीतून एका वेळी तीन-चार किलोच दळून आणा, जास्त आणलं की कडवट होतं, जाळी धरतं.

बाकीच्या गोष्टींना दिवस द्या. एसीचा फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी: नुसत्या पाण्याखाली, सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवायचा. चिमणीची जाळी महिन्याने, कडकडीत पाणी आणि धुण्याचा सोडा, अर्धा तास बुडवून. फ्रिजची मागची रांग दर गुरुवारी रात्री, कारण शुक्रवारी ओल्या कचऱ्यात जाते आणि शनिवारच्या बाजाराला जागा होते. शेगडीच्या बर्नरची भोकं, ज्योत पिवळी दिसली की लगेच, पिनने. हे सगळं दोघांच्या सामायिक कॅलेंडरवर नावासकट. फोन वाजतो, माणसाला बोलावं लागत नाही. आठवण करून देण्याचं काम घरातल्या कोणाचंच उरत नाही, आणि माझ्या मते निम्मी भांडणं त्याच कामाची असतात.

विरोधी_पक्ष

गुरुवारी रात्री फ्रिज उघडला आणि शुक्रवारी सुरमई आणली की शनिवारी डोकं-शेपटी घरात. मासळीचा कचरा कोणत्या ढिगात?

शेवटचं_पाकीट

घट्ट डब्यात, फ्रीजरमध्ये, सफाईवाला येईपर्यंत. किंवा कोळणीकडूनच साफ करून आणा, दोन पैसे जास्त द्या. श्रावणात हा प्रश्न आपोआप सुटतो.

तुरटी

सगळ्यांचे आभार, सासूबाईंना बाहेर ठेवल्याबद्दल विशेष.

मूळ प्रश्नावर परत येते, कारण तोलण्याचं उत्तर आता थोडं दिसायला लागलं आहे. तीन ढीग एकमेकांशी तोलायचेच नाहीत. प्रत्येक ढीग आपल्यापुरता वाटायचा. घड्याळाची कामं वेळेच्या तुकड्यांनी: सकाळी एक माणूस, आदल्या रात्री दुसरा (आठबारा, कुकरची_शिट्टी), शनिवार-रविवार उलट (त्रैराशिक). आठवड्याची कामं मुळापासून शेंड्यापर्यंत, तीन महिन्यांनी बदल, पावसाळ्यात वेगळी. तिसरा ढीग कॅलेंडरवर आणि शेवटच्या पाकिटावर. आणि सुरुवातीला दोन आठवडे दोघांनी सगळं लिहून काढायचं, मटारसकट.

मासिक बिलं कोणाकडे ते मुद्दाम लिहीत नाही. ज्याला हवी त्याने घ्या, ती कोणत्याच ढिगात बसत नाहीत.

ओटा_छोटा

सगळं झालं. माळा कोणाकडे?

आठबारा_फास्ट

...

विरोधी_पक्ष

दिवाळीत बघू. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).